पायमशीनला मोटर

जुलै महिना, लावणीचे दिवस. सकाळी साडेनऊला वाडीवरच्या तीन बायका डोंगर उतरून माझ्या ओटीवर येऊन बसल्या होत्या. डोक्यावरच्या प्लास्टिकच्या खोळी पायरीवर निथळत होत्या. कामं तशी छोटीच. एकीला उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज भरायचा होता, दुसरीला बँकेच्या पासबुकाची प्रत हवी होती, आणि तिसरी, जी आजीच म्हणायची, तिला नातवाच्या जातीच्या दाखल्यासाठी तिच्या सासऱ्यांचा जुना कागद हवा होता. तो कागद माझ्या लॅपटॉपमध्ये होता.

मी लॅपटॉपचं बटण दाबलं आणि चहा टाकला. चहा उकळला, गाळला, पिऊन झाला, कपबश्या विसळून पालथ्या घातल्या, तरी पडद्यावर ते ठिपक्यांचं गोल आपलं फिरतंच! आजी शांतपणे म्हणाली, ‘‘ताई, तुमची ही पेटी पण लावणीला गेली का काय?’’

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण मनात लागलं. लावणीच्या दिवसांत एका बाईचा एक सकाळचा खाडा म्हणजे काय, हे आमच्या खालापूर तालुक्यात कुणाला सांगायला नको. माझ्या लॅपटॉपच्या आळसाचे पैसे त्या तिघी त्यांच्या मजुरीतून भरत होत्या.

हा लॅपटॉप मुळात माझा नव्हेच. लेक कॉलेजला गेली तेव्हा, २०१७मध्ये घेतलेला. ती नोकरीला पुण्याला गेली, तिला कंपनीने नवा दिला आणि हा माझ्याकडे आला, जशी लेकीची जुनी छत्री आईकडे येते तसा. मी कला शाखेची पदवीधर. कॉम्प्युटरशी माझी ओळख एमएस-सीआयटीच्या क्लासपुरती. तरी या लॅपटॉपने मला बरंच शिकवलं. बचत गटाचे हिशेब त्यात गेले, २०२४च्या जुलैत लाडकी बहीण योजनेसाठी बायकांची रीघ लागली तेव्हाचे कागद त्यात आले, आणि मग हळूहळू वाड्यांवरच्या कागदपत्रांच्या प्रतीही.

या प्रतींचं कारण दुःखाचं आहे. १९ जुलै २०२३च्या रात्री आमच्याच तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. झोपलेली माणसं घरांसकट गाडली गेली. जी वाचली त्यांच्याकडे अंगावरच्या कपड्यांखेरीज काही उरलं नाही. त्यानंतर आमच्या गटातल्या बायका एकेक करून आपले कागद घेऊन आल्या. ‘‘ताई, तुमच्याकडे याचा फोटो असू द्या.’’ रेशनकार्ड, पासबुक, वनहक्काच्या दाव्याची पोच, शाळा सोडल्याचा दाखला. आधार कार्ड वगैरे आता डिजिलॉकरमध्येही मिळतं, ती सोय सरकारने २०१५पासून केली आहे. पण आजोबांच्या नावाचा, शाई उडालेला, मोडी वळणाच्या सहीचा कागद डिजिलॉकरमध्ये कुठून येणार? आणि आदिवासींच्या जातीच्या दाखल्यासाठी पुरावा मागतात तो ६ सप्टेंबर १९५०च्या आधीचा. तो कागद ज्या घरात आहे त्या घरात तो सोन्यापेक्षा जपावा लागतो. हरवला तर पुन्हा नक्कल काढायला किती हेलपाटे, ते मी बायकांबरोबर जाऊन मोजलेले आहेत.

तर अशी ही पेटी. आणि ती चालू व्हायला लागत होती साडेसात मिनिटं. हो, मी घड्याळ लावून मोजलं आणि कालनिर्णयवर, दुधाच्या हिशेबाच्या शेजारी, लिहून ठेवलं.

घरात दोन मतं. आमचे हे म्हणाले, ‘‘आठ वर्षं झाली. काढून टाक. दिवाळीत सेल लागले की नवा घेऊ.’’ नव्याची चौकशी केली तर कामापुरता बरा लॅपटॉप अडतीस हजारांच्या खाली नव्हता. लेकीला फोन केला तर ती म्हणाली, ‘‘आई, अगं थांब. आधी बघू तरी अडतंय कुठे. हार्ड डिस्क बदलून एसएसडी टाकली तर कदाचित पाच हजारांत काम होईल.’’

मला वाटलं होतं की यंत्र जुनं झालं की माणसासारखं सगळंच थकत असावं. तसं नसतं. लेकीने फोनवरूनच सांगितलं, कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाब. एक तक्ता उघडला. त्यात प्रोसेसर, म्हणजे या यंत्राचा मेंदू, जेमतेम पंधरा टक्के कामात होता. आणि ‘डिस्क’च्या खाली लाल रंगात शंभर टक्के! म्हणजे मेंदू हातावर हात ठेवून बसला होता आणि कोठारातून सामान येण्याची वाट बघत होता.

हे कोठार कसं चालतं ते समजून घेताना मला फार गंमत वाटली, म्हणून जरा सविस्तर सांगते. जुन्या हार्ड डिस्कमध्ये खरोखरच एक चकचकीत तबकडी असते. ग्रामोफोनची तबकडी आठवा, फक्त लहान आणि कितीतरी वेगाने फिरणारी. लॅपटॉपमधली बहुतेक वेळा मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला नव्वद. तिच्यावर एक बारीक दांडी इकडून तिकडे सरकते आणि माहिती वाचते. कल्पना करा, एका बाईला फडताळातले डबे काढून द्यायचे आहेत, पण फडताळ गोल फिरतंय आणि तिच्याकडे हात एकच आहे. हवा तो डबा समोर येईपर्यंत थांबायचं, हात लांब करायचा, डबा काढायचा, पुन्हा पुढच्या डब्यासाठी थांबायचं. असे वेगवेगळ्या ठिकाणचे डबे ती सेकंदाला शंभरच्या आसपासच काढू शकते. आपल्याला शंभर म्हणजे पुष्कळ वाटतात. पण लॅपटॉप चालू होताना हजारो बारीकसारीक फायली निरनिराळ्या कोपऱ्यांतून मागवतो. मग चहा होणारच.

एसएसडीमध्ये तबकडी नाही, दांडी नाही, फिरणारं काहीच नाही. पेन ड्राइव्ह किंवा मोबाइलच्या मेमरी कार्डात असते त्याच जातीची चिप. तोशिबा कंपनीतले फुजिओ मासुओका या जपानी शास्त्रज्ञाने १९८०च्या दशकात ही फ्लॅश मेमरी शोधली. इथे कुठलाही डबा जवळ किंवा लांब नाही. म्हणून तीच कामं सेकंदाला हजारोंनी होतात. आणि या घराण्याचे मूळपुरुष तर बघा! १९५६मध्ये आयबीएम कंपनीने पहिली हार्ड डिस्क आणली, तिच्यात दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या, वजन टनाच्या आसपास, आणि साठवण किती, तर आजच्या मोबाइलमधल्या एखाद-दोन फोटोंएवढी.

एवढं कळल्यावर मी गटाच्या बैठकीत विषय काढला. कारण काम गटाचंही होत होतं. पैसे मागावेत असं मनात नव्हतं, पण अध्यक्षबाई म्हणाल्या, अर्धे गटाने द्यावेत. मी शिलाईचं उदाहरण दिलं. ‘‘पायमशीन जुनं असलं तरी त्याला मोटर बसवली की पळतं ना? तसंच आहे हे.’’ आमच्यात दोघी शिलाई करतात. त्यातली एक चटकन म्हणाली, ‘‘पळतं, पण खालचं शटल झिजलेलं असेल तर मोटरने दोरा अजून जोरात तुटतो.’’ माझी बोलतीच बंद! तिने लाखातला प्रश्न विचारला होता. मोटर बसवण्याआधी मशीन बसवण्याच्या लायकीचं आहे की नाही, ते बघायला हवं.

दुसरीने त्याहून अवघड प्रश्न विचारला. ‘‘लॅपटॉप तुमच्या घरात राहणार, आणि पैसे आमचे?’’ खोटं कशाला बोलू, क्षणभर मला राग आला. इतकी वर्षं फुकट अर्ज भरून देतेय आणि हे ऐकायचं! पण रात्री भांडी लावताना वाटलं, तिचं काय चुकलं? पुढच्या बैठकीत ठराव लिहिला. गटाने अडीच हजार द्यायचे, वरचे मी घालायचे. मंगळवार आणि शुक्रवार लॅपटॉप गटासाठी मोकळा. आणि सगळ्या कागदपत्रांची आणखी एक प्रत गटाच्या सचिवांच्या घरी राहील. ही शेवटची अट त्याच बाईने घातली होती. तिचे आभार मानावेत असं पुढे घडलं.

मशीनचं शटल तपासायचं म्हणून लेकीने एक फुकट मिळणारा प्रोग्रॅम टाकायला सांगितला, क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवत असते, म्हणे. किती तास चालली, तबकडीवरच्या किती जागा खराब झाल्या. हा प्रोग्रॅम ती नोंद वाचून दाखवतो. निळा रंग म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सांभाळा, लाल म्हणजे गेलं. आमचा पिवळा निघाला.

लेकीचा आवाज बदलला. ‘‘आई, आता ते वेगाचं वगैरे सोड. उद्यापासून त्याच्यावर काहीही काम करू नकोस. सगळ्यात आधी सगळं दुसरीकडे उतरवून घ्यायचं.’’ खरं सांगते, पोटात गोळा आला. मी दोन महिने ‘मंद आहे, मंद आहे’ म्हणून त्याला दूषणं देत होते, आणि तो बिचारा आजारी होता. अधूनमधून टकटक असा बारीक आवाज यायचा, तो मला पावसाच्या पागोळ्यांचा वाटायचा.

मैत्रिणींनो, जुन्या लॅपटॉपचा वेग एकाएकी कमी झाला असेल तर तुम्हीही आधी ही तपासणी करा. खराब जागा पुन्हा पुन्हा वाचायच्या प्रयत्नातही डिस्क मंदावते. अशा वेळी नवं यंत्र घ्यायचं की भाग बदलायचा हा प्रश्न दोन दिवस थांबू शकतो. आतला ऐवज थांबू शकत नाही.

भाच्याची बाहेरून जोडायची मोठी हार्ड डिस्क मागून आणली. शनिवारी लेक पुण्याहून आली ती बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून पाचशे जीबीची एसएसडी घेऊनच. आधी ती घरपोच मागवायचा विचार होता, पण आमच्या पत्त्याची एक गंमत आहे. शिळफाटा म्हटलं की निम्म्या महाराष्ट्राला मुंब्र्याजवळचा, कल्याण रस्त्यावरचा शिळफाटा आठवतो. खोपोलीतला, बोरघाटाच्या पायथ्याचा, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरचा आमचा शिळफाटा बिचारा मागे पडतो. यापूर्वी एक साडी तिकडे चार दिवस राहून आलेली आहे!

घरपोच मागवणाऱ्यांसाठी दुसरी एक गोष्ट लेकीने सांगितली, ती महत्त्वाची. हजार रुपयांत दोन टीबीची एसएसडी अशी जाहिरात दिसली तर भुलू नका. नकली मालात आत लहानसं मेमरी कार्ड असतं आणि ते कॉम्प्युटरला खोटीच मोठी जागा सांगतं. आपण भरत जातो, आणि आधी भरलेलं पुसलं जातं. माप खोटं असलेल्या पायलीसारखं.

शनिवारी रात्री कॉपी करायला बसलो आणि पावसाने धरलं. आमचं खोपोली म्हणजे १९१५पासून टाटांच्या जलविद्युत केंद्राचं गाव. घाटावरून खाली आलेले ते मोठाले नळ अजून दिसतात. मुंबईच्या गिरण्या या विजेवर चालल्या. पण पावसाळी रात्री माझ्या घरात वीज किती वेळा जावी याला काही धरबंध नाही! लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेलेली. अर्ध्यात वीज गेली तर आजारी डिस्कला आणखी धक्का. शेवटी शेजारच्या काकूंकडे इन्व्हर्टर आहे, त्यांच्या हॉलमध्ये बिऱ्हाड हलवलं. काकूंनी रात्री अकरा वाजता पोहे केले.

पहाटेपर्यंत बहुतेक सगळं उतरलं. बायकांचे कागद सगळे आले, एकही गेला नाही. आजीच्या सासऱ्यांचा कागद मी मुद्दाम उघडून पाहिला. अडलं ते माझ्या स्वतःच्या खजिन्यापाशी.

माझ्या सासूबाई २०१९मध्ये गेल्या. त्याआधीच्या दोन उन्हाळ्यांत लेकीने त्यांच्या जात्यावरच्या ओव्या मोबाइलवर बोलून घेतल्या होत्या. जातं काही नव्हतं आता, पण त्या हात फिरवल्याशिवाय म्हणायच्याच नाहीत, म्हणून रिकामं ताट पुढ्यात घेऊन फिरवायच्या. त्याचा घरघर आवाजही त्यात आहे. एकूण एकतीस ध्वनिफिती. मोबाइल बदलले, पण लॅपटॉपमध्ये आहेत म्हणून आम्ही निश्चिंत. त्यातल्या अठ्ठावीस आल्या. दोन उघडल्याच नाहीत. आणि एक, माहेरच्या वाटेवरची, एक मिनिट चाळीस सेकंदांवर येऊन थांबते. ओळीच्या मध्यावर.

लेक रडली. मी तिला समजावत होते, पण खरं तर मलाच कुणीतरी समजवायला हवं होतं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी गावोगावच्या बायकांकडून लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, नव्वदीच्या दशकात त्यातल्या कितीतरी टेपवर ध्वनिमुद्रित झाल्या, आणि मार्च २०१७पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात त्या कुणालाही वाचता-ऐकता येऊ लागल्या. वही, टेप, मग कॉम्प्युटर, प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी प्रत काढत राहिलं म्हणून ते टिकलं. त्याबद्दल मी एका महिला मेळाव्यात भाषणसुद्धा केलं होतं! आणि माझ्या घरातल्या एकतीस ओव्यांची दुसरी प्रत मी काढली नव्हती.

असो. आता पुढचा प्रश्न. नव्या डिस्कवर विंडोज नव्याने टाकायचं, की जुन्यातलं सगळं जसंच्या तसं उतरवायचं? बाजारातला दुरुस्तीवाला मुलगा म्हणत होता, ‘‘काकू, नवीनच टाकू. एकदम स्वच्छ होईल.’’ त्याचं म्हणणं चूक नाही. नव्याने टाकलं की जुनी जळमटं जातात. पण माझे पंधरा वर्षांचे अर्ज, अहवाल श्रीलिपीत टाइप केलेले. युनिकोडच्या आधीचे ते फॉन्ट. ते सॉफ्टवेअर नसेल तर मराठी मजकुराच्या जागी नुसती चित्रविचित्र अक्षरं दिसतात. त्याची सीडी कुठे आहे देव जाणे, आणि या लॅपटॉपमध्ये सीडीचं तोंडही नाही. तुमच्यापैकी ज्या शाळेत, पतपेढीत, ग्रामपंचायतीत मराठी टाइप करत आल्या आहेत त्यांनी हे जरूर लक्षात ठेवा. ‘स्वच्छ’ करताना आपली अक्षरंच धुऊन जाऊ नयेत.

म्हणून लेकीने जसंच्या तसं उतरवायचा मार्ग धरला. नवी एसएसडी एका छोट्या डबीत बसवून यूएसबीने जोडली. डिस्क खराब असली की हे काम मध्येच अडतं, तसं दोनदा अडलं. मग खराब जागा सोडून पुढे जा, असं सांगितल्यावर पुरं झालं. जुनी एक टीबीची, नवी पाचशे जीबीची. पण आमचं भरलेलं सामान दोनशे दहा जीबीच होतं, त्यामुळे मावलं.

सोमवारी दुकानात जाऊन भाग बसवून घेतला. मी समोर स्टूल टाकून बसले. लॅपटॉप ठेवून जा, संध्याकाळी या, असं तो म्हणत होता, पण आत दीड-दोनशे बायकांचे आधार आणि पासबुकं! रबरी पायांखाली दडलेले स्क्रू काढून त्याने पाठ उघडली. वीस मिनिटांचं काम. आमच्या लॅपटॉपमध्ये अडीच इंची, सपाट वडीसारखी एसएसडी बसते. काही यंत्रांमध्ये च्युइंगगमच्या पट्टीसारखी एम-डॉट-टू बसते, तिच्यातही दोन जाती आहेत, आणि एकीची दुसरीला चालेलच असं नाही. म्हणून खरेदीआधी मॉडेलचा नंबर घेऊन विचारावं. काही स्वस्त लॅपटॉपमध्ये साठवण मदरबोर्डवर पक्की चिकटवलेली असते. तिथे बदलायला काही नसतंच, मग खर्चही करू नये. त्याच वेळी चार जीबीची रॅम आठ केली. ओटा लहान असला की दर वेळी कोठीत ठेवा, कोठीतून काढा, असं होतं. तो ओटा जरा मोठा झाला.

हिशेब असा. एसएसडी एकतीसशे, रॅम अकराशे, डबी साडेतीनशे, मजुरी पाचशे. एकूण पाच हजार पन्नास. हे २०२५च्या पावसाळ्यातले भाव. त्या वर्षाच्या अखेरीला कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या केंद्रांसाठी मेमरी चिपची मागणी इतकी वाढली की सगळंच महागलं. त्यामुळे माझा आकडा दुकानदाराला दाखवून भांडू नका.

आणि फरक? साडेसात मिनिटांचे अठ्ठावीस सेकंद. कालनिर्णयवर तेही लिहिलं आहे. चहाचं आधण ठेवायलाही तेवढा वेळ पुरत नाही.

मात्र सगळंच पळायला लागलं असं कुणी समजू नये. सरकारी संकेतस्थळ पहिल्यासारखंच चालतं. ‘सर्व्हर डाऊन’ असेल तर तुमच्या मांडीवर सोन्याचा लॅपटॉप असला तरी बसून राहावं लागतं. पावसात इंटरनेट रडतं ते रडतंच. एसएसडीने घरातली कामं वेगाने होतात, रस्त्यावरची गर्दी कमी होत नाही. वाडीवरच्या बायकांना मी हे आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून बरं.

आमच्या ह्यांचा एक मुद्दा मात्र खरा ठरला. मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला थांबवला. विंडोज ११ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, आमचा सातव्या पिढीचा. एका पिढीने हुकलं! सुरक्षेची वाढीव सोय १३ ऑक्टोबर २०२६पर्यंतची, तिच्यात मी नाव घातलं. पुढे लिनक्स टाकावं म्हणावं तर श्रीलिपीचं काय, हा प्रश्न आहेच. म्हणून सध्या संध्याकाळी बसून जुने अर्ज एकेक करून युनिकोडमध्ये करून ठेवते आहे. पाच हजार पन्नास रुपयांत मी आठ वर्षं विकत घेतली नाहीत, दीड-दोन वर्षं घेतली. लावणीच्या दोन हंगामांपुरती. एवढ्या कामाला मला ती महाग वाटली नाहीत. लॅपटॉप दहा वर्षांचा असता, बिजागऱ्या मोडलेल्या असत्या, तर मात्र मीही ह्यांच्या बाजूने गेले असते.

जुन्या डिस्कचे दुकानदार तीनशे रुपये द्यायला तयार होता. ‘‘फॉरमॅट करून देतो ना काकू.’’ मी नको म्हटलं. नुसत्या फॉरमॅटने आतलं पुसलं जात नाही, वहीची अनुक्रमणिका फाडण्यासारखं ते असतं. पानं तशीच राहतात आणि जाणकाराला ती वाचता येतात. तीनशे रुपयांसाठी कुणाच्या पासबुकाचा नंबर कुठे जाईल, काय सांगावं! डिस्क ठीक असती तर तिच्यावर दुसरं काहीतरी पूर्ण भरून ती पुसता आली असती. ही आजारी. ती तबकडी फोडायची असं लेक सांगून गेली आहे.

ती मी अजून फोडलेली नाही. सचिवबाईंच्या घरी एक प्रत गेली, पनवेलला बहिणीकडे एक ठेवली. एसएसडी जाते तेव्हा टकटकसुद्धा करत नाही, एका सकाळी उठतच नाही. म्हणून दर महिन्याच्या बैठकीनंतर प्रती ताज्या करायच्या हे आता ठरावात आहे. आजीला तिच्या सासऱ्यांच्या कागदाची छापील प्रत दिली. तिने ती घडी न घालता, पुठ्ठ्यात घालून, प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून नेली.

जुनी डिस्क मात्र जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून कपाटात ठेवली आहे. त्या दोन ओव्या अजून तिच्यात आहेत असं मला वाटतं. मुंबईत अशी माहिती परत काढून देणारे आहेत, पण ते सांगतात तो खर्च सध्या झेपणारा नाही. अर्ध्यावर थांबलेली ती माहेरच्या वाटेची ओवी माझ्या चुलत सासूबाईंना ऐकवली. त्या म्हणाल्या, ‘‘पुढचं येतं की मला. पण आमच्या अक्काचं वेगळं होतं, माझं वेगळं.’’ मग दोन्ही म्हणा, मी म्हटलं. त्या पेणला लेकीकडे गेल्या आहेत. गणपती करून येतील. आल्या की बोलून घ्यायचं आहे, आणि ताट नको, या वेळी कुणाकडून तरी खरं जातं मागून आणायचं आहे.